रंगीत बॉल पायथन पाळताना: आधी बीळ, मग रंग

रात्री साडेनऊच्या सुमारास कवडी डोकं बाहेर काढते. आधी जीभ, मग वरच्या ओठावरचे ते बारीक खड्डे, मग काळे मण्यासारखे डोळे. पाचेक मिनिटं ती तशीच थांबते. खोलीत कोण आहे, किती ऊब आहे, हे त्या खड्ड्यांनी तिला अंधारातही कळतं. मग पांढरंशुभ्र अंग आणि त्यावरचे तपकिरी-नारिंगी ठिपके सावकाश बाहेर येतात. ही माझी पाइड जातीच्या रंगाची बॉल पायथन मादी. ओहायोतल्या आमच्या घरात तिला सात वर्षं झाली. (महाराष्ट्रात कवड्या नावाचा वेगळाच साप असतो, त्यामुळे घरी फोनवर नाव सांगितलं की प्रत्येक वेळी खुलासा करावा लागतो.)

या सात वर्षांत ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांतून, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडून, विचारणा झाली: "ताई, केळ्याच्या रंगाचा घेऊ की पांढरा?" मी प्रत्येकाला हेच सांगते की रंग शेवटी ठरवा. साप कुठल्याही रंगाचा असला तरी त्याला हवं असतं ते बीळ. ते नीट जमलं की बाकीचं बहुतेक जमतं, आणि ते चुकलं की हजार डॉलरचा सापही महिनोन् महिने उपाशी बसतो.

हा प्राणी येतो कुठून

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत तो आढळतो. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, हा त्याचा क्रम. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. ब्रिटनमध्ये यालाच रॉयल पायथन म्हणतात. बेनिनमधल्या विदा शहरात अजगरांचं मंदिर आहे. तिथे हे साप पवित्र मानले जातात, घरात शिरले तरी कुणी मारत नाही. वारुळाला दूध-लाह्या वाहणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसाला हे परकं वाटू नये.

अजगराच्या कुळातला असला तरी हा लहानखुरा. मादी साधारण चार ते पाच फूट, नर तीन-साडेतीन फूट. विष नाही. आयुष्य मात्र लांब, वीस ते तीस वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, सात अंडी घातली होती. बारावीतला मुलगा आज साप मागत असेल, तर त्याच्या लग्नानंतर आणि मुलं झाल्यावरही तो साप असणार आहे. होकार देण्याआधी घरात हे बोलून घ्या.

भारतात असाल तर आधी कायदा

हा लेख मी अमेरिकेतल्या अनुभवावरून लिहिते आहे, पण वाचणारे पुण्या-मुंबईतलेही असतील. भारतात आपला देशी अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळणं हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी मोकळीक नाही. वन्य प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी चौथी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणं, त्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर हे सगळं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावं लागतं. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर हे साप सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अशा मार्गाने आलेलं पिल्लू 'स्वस्तात मिळतंय' म्हणून घेऊ नका. बॅगेत कोंबून आणताना किती पिल्लं मेली, हे विकणारा कधी सांगत नाही. कागद नसेल तर साप नाही.

अमेरिकेतही सगळीकडे सारखं नाही. हवाईमध्ये कुठलाच साप पाळता येत नाही, न्यूयॉर्क शहरात अजगर चालत नाहीत. आपल्या राज्याचा, शहराचा आणि भाड्याच्या घराचाही नियम आधी बघा.

पहिली पायरी: साप येण्याआधी घर

निदान दोन आठवडे आधी घर तयार हवं. रिकामं घर चालू ठेवून तापमान आणि ओलावा स्थिर होतो का, ते बघायचं. साप आणल्यावर धावाधाव केली की त्याचा त्रास सापालाच होतो.

मोठ्या सापासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी घ्या. पुढून सरकणाऱ्या काचेची असेल तर उत्तम, कारण वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. पिल्लू मोठ्या घरात घाबरतं असं म्हणतात. माझं मत असं, की पिल्लू मोठ्या घराला घाबरत नाही, मोकळ्या जागेला घाबरतं. पाला, साल, फांद्या आणि लपायच्या जागा भरून टाकल्या की मोठ्या पेटीतही पिल्लू छान राहतं. काही पैदासकार आयुष्यभर खणात, प्लॅस्टिकच्या टबात ठेवतात. साप जगतो, अंडीही देतो, पण सरळ अंग ताणता येत नाही अशी जागा मला पटत नाही.

आता बीळ, म्हणजे पेटीतली लपायची घट्ट जागा. अशा दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही शक्यतो एकसारख्या. नाहीतर साप ऊब हवी असतानाही फक्त आवडत्या बिळातच बसून राहतो. दुकानात मिळणारी दगडी गुहा दिसायला सुंदर असते, पण आतून ऐसपैस. बॉल पायथनला वेटोळं घातल्यावर पाठ आणि दोन्ही बाजू टेकल्या पाहिजेत. वेटोळ्याएवढं आतलं माप, एकच तोंड, बुटकं छत. कवडीला मी पहिल्यांदा ऐटबाज गुहा आणली होती. ती तिच्यात गेलीच नाही, पाण्याच्या भांड्यामागे अंग चोरून बसायची. शेवटी एका उपड्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला खाच पाडून ठेवली. त्याच रात्री ती आत गेली आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

ऊब आणि ओलावा

उबदार बाजूला, साप जिथे ऊब घेतो तिथला पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७. रात्री थोडं उतरलं तरी २४ च्या खाली नको. ऊब वरून द्यावी. दिवसा आणि रात्रीही उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर चालतो. रात्री लाल दिवा लावायची जुनी पद्धत सोडून द्या, सापाला तो उजेड दिसतो. दिवसा बारा तास साधा उजेड पुरे.

थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही उष्णतेचं साधन लावू नका. काचेखाली चिकटवायची हीट मॅट थर्मोस्टॅट नसेल तर ४५ अंशांच्या वर सहज जाते, आणि भाजत असूनही साप बऱ्याचदा तिथून हलत नाही. पोटाचे खवले करपलेले साप मी पाहिले आहेत, ते बरे व्हायला कित्येक कातींचा काळ जातो. थर्मोस्टॅटचा सेन्सर पक्का बसवा, सुटा ठेवला तर साप तो पाण्याच्या भांड्यात ढकलू शकतो. मग सेन्सरला थंड वाटतं आणि हीटर तापतच राहतो. शिवाय वेगळे दोन डिजिटल तापमापक आणि एक आर्द्रतामापक. गोल काट्याचे, चिकटवायचे मापक घेऊ नका, ते फार चुकतात.

ओलावा ६० ते ८० टक्के. माझी मोठी चूक इथे झाली. पहिल्या हिवाळ्यात कवडी जाळीच्या झाकणाच्या काचेच्या टाकीत होती. बाहेर बर्फ, घरात चोवीस तास हीटिंग, आणि टाकीतला आर्द्रतामापक ३० वर. मी रोज दोनदा पाणी फवारायचे आणि तासाभरात सगळं कोरडं. डिसेंबरात तिने कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. शेपटीच्या टोकाला कातीची घट्ट अंगठी राहिली आणि एका डोळ्यावर जुना पापुद्रा. ओल्या टॉवेलात तिला घेऊन बसले तेव्हा फवारणीचा काही उपयोग नव्हता हे कळलं.

उपाय जमिनीत आहे. नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सायप्रसची साल चार ते सहा इंच जाड अंथरा, आणि पाणी वरून फवारण्याऐवजी कोपऱ्यांतून ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा. खालून वाफ हळूहळू वर येते, अगदी बिळात येते तशी. वरचा थर सतत ओला राहिला तर पोटाला चट्टे येतात. जाळीचं झाकण असेल तर हीटरची जागा सोडून बाकीचं झाका. देवदार आणि पाइनचा भुसा वापरू नका, त्यातल्या तेलांनी श्वसनाला त्रास होतो. पाण्याचं भांडं जड, न उलटणारं असावं आणि पाणी रोज बदलावं.

आता रंग

रानातला बॉल पायथन काळा-तपकिरी, त्यावर सोनेरी नक्षी. बॉब क्लार्क या अमेरिकन पैदासकाराने १९९२ साली अल्बिनो रंग पिढीत उतरतो हे दाखवलं, आणि तिथून या छंदाचं रूप पालटलं. १९९७ मध्ये पाइड, १९९९ मध्ये स्पायडर. त्या काळी एकेक पिल्लू हजारो डॉलरना जाई. आज जनुकांच्या जोड्या मिळून हजारो रंगप्रकार आहेत. रंगाच्या या प्रकाराला मॉर्फ म्हणतात.

विकत घेणाऱ्याला तीन शब्द कळले पाहिजेत. रिसेसिव्ह म्हणजे दोन्ही पालकांकडून जनुक आलं तरच रंग दिसतो: अल्बिनो, पाइड, क्लाउन असे. एकाच पालकाकडून आलं तर पिल्लू साधं दिसतं पण जनुक बाळगून असतं, त्याला हेट म्हणतात. दोन हेट सापांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक रंगीत. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या तिघांत दोघं हेट, पण कुठले ते बघून कळत नाही. म्हणून 'सहासष्ट टक्के हेट' असं लिहून विकतात. ती निव्वळ शक्यता आहे, हमी नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. इन्कम्प्लीट डॉमिनंट म्हणजे एकाच जनुकाने रंग बदलतो आणि दोन मिळाली की आणखी वेगळा 'सुपर' रंग होतो. पेस्टल, मोहावे, लेसर, बनाना हे त्यातले. मोहावे आणि लेसर एकत्र आले की निळ्या डोळ्यांचा दुधासारखा पांढरा साप जन्मतो. तिसरा डॉमिनंट, म्हणजे एकाच जनुकाने रंग दिसतो आणि दोन मिळाली तरी वेगळा 'सुपर' होत नाही.

यानंतरचं मात्र नीट वाचा, कारण विकणारे हे सहसा आपणहून बोलत नाहीत. काही जनुकं फक्त रंग बदलून थांबत नाहीत. स्पायडरची नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक असते, पण त्या सापांची मान डगमगते. डोकं तिरकं होतं, अंगाला पीळ पडतो, भक्ष्यावर झेप घ्यावी तर नेम चुकतो, काही वेळा साप उताणा होऊन पडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या भागाची, रचनाच बिघडलेली आढळली. हा दोष जनुकाबरोबर येतो, चांगल्या देखभालीने जात नाही. कुणात कमी, कुणात जास्त, आणि ताण आला की वाढतो. मला तो साप विकत घेऊन त्या पैदाशीला पैसा पुरवावासा वाटत नाही. कुणी सोडून दिलेला स्पायडर सांभाळत असाल तर ती वेगळी गोष्ट, त्याला उंच फांद्या नकोत आणि शांत जागा हवी.

अडचण अशी की नावात स्पायडर दिसेलच असं नाही. बंबलबी म्हणजे स्पायडर अधिक पेस्टल. स्पिनर म्हणजे स्पायडर अधिक पिनस्ट्राइप. शॅम्पेन आणि हिडन जीन वोमा यांतही असाच डगमगता दोष आढळतो. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टल यांत बदकासारखं चपटं तोंड किंवा पाठीच्या कण्याला बाक दिसतो. कॅरमल अल्बिनोतही कणा वाकण्याचं प्रमाण आहे. सुपर लेसरचे डोळे कधी बाहेर आलेले असतात. डेझर्ट मादीची पैदास करू नये, अंडी अडकून जीव जातो. म्हणून जाहिरातीतलं गोंडस नाव सोडा आणि विचारा, 'यात नेमकी कुठली जनुकं आहेत?' उत्तर टाळलं तर पुढे चला.

पहिल्या सापासाठी मी पेस्टल, मोहावे, बनाना, क्लाउन किंवा पाइड सुचवते. अल्बिनोही चालेल, फक्त त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, तेव्हा दिवा मंद आणि सावली भरपूर. साधा, रानातल्या रंगाचा सापही बघा. त्याच्या अंगावरचं सोनं उन्हात बघितलं की साधा हा शब्द चुकीचा वाटतो.

निवडताना

कॅप्टिव्ह ब्रेड आणि कॅप्टिव्ह हॅच्ड यांत मोठा फरक आहे. पहिल्याचे आईबापही माणसाकडे वाढलेले. दुसऱ्याचं अंडं टोगो, घाना, बेनिनमध्ये रानातल्या मादीचं, फक्त उबवलेलं माणसाकडे. अशी पिल्लं लांबचा प्रवास करून येतात, अंगावर गोचिड्या आणि पोटात जंत असू शकतात. पहिलाच पर्याय घ्या.

पिल्लू हातात घ्या. अंग भरीव, पाठीचा कणा वर आलेला नसावा. नाकपुड्या कोरड्या, श्वासाचा आवाज नको, तोंडाशी फेस नको. हनुवटीच्या खोबणीत आणि डोळ्यांभोवती काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत. मलद्वार स्वच्छ असावं. अंगाखाली हात धरून हळूच थोडं तिरकं करा, डोकं सहज सरळ होतंय का बघा. शेवटी खाण्याची नोंदवही मागा. गोठवलेला उंदीर वितळवून दिलेला खातो का, हा प्रश्न रंगापेक्षा महत्त्वाचा. निदान चार-पाच वेळा तसा खाल्लेला असावा.

खाणं, आणि न खाणं

घरी आणल्यावर आठवडाभर हात लावू नका. पाणी बदला आणि दूर राहा. मग पहिलं जेवण.

पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजनाचा उंदीर, सात ते दहा दिवसांनी. साप अर्ध्या किलोच्या पुढे गेला की प्रमाण आणि वारंवारता दोन्ही हळूहळू कमी करा. मोठ्या सापाला वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरतं. लठ्ठ बॉल पायथन खूप दिसतात, प्रेमापोटी जास्त भरवलेले.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळवा. मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडा आणि डोकं ३८ ते ४० अंशांपर्यंत गरम झालं की कोरडा करून लांब चिमट्याने द्या. मायक्रोवेव्ह कधीच नको, आतून शिजतो आणि फुटतो. ओठावरचे खड्डे ऊब बघतात, तेव्हा कोमट उंदीर त्यांना भक्ष्य वाटत नाही. जिवंत उंदीर देऊ नका, चावून सापाचा डोळाही फोडतो. जेवल्यावर अठ्ठेचाळीस तास साप उचलायचा नाही, नाहीतर ओकतो.

आता उपासाचं. बॉल पायथन उपास करतो, हे आधीच मनाशी धरून ठेवा. कवडी तिसऱ्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च जेवली नाही. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टब ठेवून तिचं वजन लिहीत होते: १४२० ग्रॅमवरून चार महिन्यांत १३६५. चार टक्के. पाणी पीत होती, रात्री फिरत होती. मार्चच्या शेवटी एका रात्री चिमटा आत जाताच तिने उंदीर ओढून घेतला. मोठ्या निरोगी सापाचा हिवाळ्यातला उपास बहुतेक वेळा असाच संपतो. पण वजन दहा टक्क्यांनी घटलं, किंवा पिल्लूच महिनाभर खात नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. त्याआधी बीळ तपासा: लपायची जागा घट्ट आहे का, ऊब बरोबर आहे का, रोज कुणी त्याला हाताळत नाही ना. रोज नवा उंदीर दाखवून मागे लागू नका. दहा-पंधरा दिवसांनी एकदा विचारा.

हाताळणं

दोन-तीन जेवणं नीट झाली की सुरुवात. बाजूने हात घाला, आधी अंगाला हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने हलकेच स्पर्श करा, म्हणजे जेवण नाही हे त्याला कळतं. मधल्या अंगाखाली आधार द्या. आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे खेचली असेल तर त्या दिवशी राहू द्या. चावलाच तर हात ओढू नका, दात आत वळलेले असतात, ओढल्याने जखम वाढते. बहुतेक वेळा तो स्वतःच लगेच सोडतो. नंतर साबणाने हात धुवा. साल्मोनेला जिवाणू निरोगी सापाच्या अंगावरही असतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नये आणि सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नयेत. वजनाचा टबही मी तेवढ्यासाठीच वेगळा ठेवला आहे.

कात आणि आजार

डोळे निळसर-दुधाळ झाले, अंग मळकट दिसू लागलं की कात जवळ आली. तेव्हा खाणं आणि हाताळणं बंद, ओलावा थोडा वाढवा. चांगली कात मोज्यासारखी उलटी होऊन एकसंध निघते. डोळ्यांवरचे दोन गोल पापुद्रे तिच्यात आहेत का, ते उजेडात धरून बघा. राहिले असतील तर नखाने काढू नका, ओल्या मऊ फडक्याच्या पिशवीत अर्धा तास ठेवा किंवा पुढच्या कातीची वाट बघा.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, मान वर ताणून बसणं: यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. थंडी आणि चुकीच्या ओलाव्याने श्वसनाचा संसर्ग होतो, त्याला डॉक्टरचं औषधच लागतं. सर्पांत पसरणारा निडोव्हायरसही असाच दिसतो आणि त्याची तपासणी तोंडातल्या स्वॅबने होते. घरात आधीचा साप असेल तर नव्याला वेगळ्या खोलीत निदान तीन महिने ठेवा, चिमटे-भांडी वेगळी, आणि नव्याचं काम शेवटी.

ओहायोत जानेवारीत वीज गेली की माझी पहिली धाव तिच्याकडे असते. थर्माकोलची पेटी, उशीचा अभ्रा आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली हे साहित्य मी तिच्या पेटीखालच्या कप्प्यात कायम ठेवते. साप अभ्र्यात, अभ्रा पेटीत, बाटली एका बाजूला, म्हणजे दुसरी बाजू गार राहते आणि तिला हवं तिकडे सरकता येतं. झाकणाला पेन्सिलीएवढी चार भोकं. गेल्या हिवाळ्यात सहा तास वीज नव्हती. पेटी उघडली तेव्हा ती बाटलीला अर्धं अंग टेकवून, डोकं वेटोळ्यात लपवून, घट्ट चेंडू होऊन झोपली होती.